कॅप्टनकाकांचा चार्ज

भुताखेतांची चेष्टा करण्यात आमच्या घरात मी सगळ्यात पुढे. नवऱ्यानं हॉरर सिनेमा लावला की शेजारी बसून भुताच्या मेकअपला नावं ठेवणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... तरी लिहिते.

आम्ही ॲमस्टरडॅमला, बुइटनव्हेल्डर्टमध्ये राहतो. मी डिपेंडंट व्हिसावर आले, दोन वर्षं घरात बसून वैतागले आणि म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन देखभाल करायचं काम धरलं. स्टाव्ह्रोस हे माझे दुपारचे पेशंट, आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर. ग्रीक नौदलातले निवृत्त अधिकारी, वय ऐंशीच्या पुढे. आजोबा, वडील, सगळे जहाजांवरच. मी त्यांना कॅप्टनकाका म्हणायचे. मुलगी एलेनी ब्रेडाला नोकरी करायची आणि संध्याकाळी घरी यायची.

काकांचं एक वेड होतं. चार वाजले की इस्त्रीचा शर्ट घालून बाल्कनीच्या दाराशी ताठ उभे राहायचे आणि ग्रीकमध्ये काहीतरी घडाघडा म्हणायचे. मग थांबायचे. उत्तर आलं नाही की पुन्हा पहिल्यापासून. पाय सुजायचे, पण बसतील तर शपथ!

एलेनीनं सांगितलं तेव्हा उलगडा झाला. जहाजावर ड्यूटी बदलताना चार्ज द्यायचा असतो — दिशा, वेग, वारा, काय मोडलंय, सगळं बोलून. समोरच्यानं 'पारेलावा', म्हणजे 'घेतला', म्हटलं की सुटका. तरुणपणी काका आणि त्यांचा धाकटा भाऊ एकाच जहाजावर होते. एका दुपारी चारला काकांनी त्याला घाईघाईत चार्ज दिला. डेकचा कठडा एका जागी सैल झालाय, एवढंच सांगायचं राहिलं. भाऊ समुद्रात पडला. सापडला नाही.

"आता रोज त्यालाच चार्ज देतात," एलेनी म्हणाली. "शेवटचं वाक्य कठड्याचं असतं."

सहा महिन्यांत मला ते सगळं तोंडपाठ झालं, लहानपणी स्तोत्रं व्हायची तसं.

मार्चमध्ये काका फारच खंगले. डॉक्टरांनी आशा सोडली. एलेनी रडतच म्हणाली, "प्लीज, तूच म्हण ना 'पारेलावा'. निदान शांतपणे बसू देत त्यांना."

मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं होतं. तरी हो म्हणाले. त्या दुपारी एलेनी ट्रेनमध्ये होती, घरीच यायला निघालेली. तिला स्पीकरवर ठेवलं.

काका दाराची चौकट धरून उभे राहिले. बोलायला लागले... आणि एक वाक्य आधीच थांबले. कठडा राहिला! माझ्या लगेच लक्षात आलं. पण मनात म्हटलं, जाऊ दे, आज लवकर बसतील.

मी तोंड उघडणार, तोच बाल्कनीतून आवाज आला. तरुण पुरुषाचा, अगदी जवळून. त्यानं ग्रीकमध्ये काहीतरी विचारलं. काकांनी जरा आठवून बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

"पारेलावा," तो आवाज म्हणाला.

बाल्कनीत कोणीही नव्हतं. काका खुर्चीत बसले, माझ्याकडे बघून हसले आणि गेले.

फोनमधून एलेनी ओरडत होती, "कोण आहे तिथे? कोण आलंय?"

"काय विचारलं त्यानं?" मी म्हटलं.

"आणखी काही सांगायचंय का, म्हणाला."

नवरा म्हणतो, शेजारचा टीव्ही असेल. असेल बाबा! माझ्याकडे तरी दुसरं काय स्पष्टीकरण आहे? आवाज कोणाचा ते मला आजही माहीत नाही. पण तो विचारत होता आणि ते कठड्याचं वाक्य मला पाठ होतं. मी बोलले नाही.