नवसाच्या सुताचा चेंडू

इंग्रज जाणार की राहणार, याचा निकाल हल्ली आमच्या बऱ्हाणपुरात रोज संध्याकाळी चौकात लागतो. माझं मत सहसा कोणी विचारत नाही. चुकून विचारलंच, तर मी सांगतो की राजकारणातला माझा सगळा अनुभव एका चेंडूपुरता आहे, आणि तोही उसवलेला. मग मंडळी पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालतात.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. मी शाळेत नवाच मास्तर लागलो होतो. गावात एक अमेरिकन पाद्री आला. हा बाटवणार म्हणून सगळे जपून होते, पण त्या भल्या माणसाला धर्मापेक्षा खेळाचं वेड जास्त. तापीच्या वाळूत त्याने चार ठिकाणी गोणपाट अंथरलं, हातात दांडका घेतला आणि म्हणाला, हा बेसबॉल. चेंडू टोलवायचा, तीन गोणपाटांना शिवत धावायचं आणि निघालो त्या चौथ्यावर परत यायचं.

"परतच यायचं तर निघायचं कशाला, पादरीसाब?" हातमागावर बसणारा एक विणकर आमच्यात खेळायचा, त्याने विचारलं.

"जो घरी पोचला, त्याला एक गुण," पाद्री पुस्तकी मराठीत म्हणाला.

मला धावायचा कंटाळा, म्हणून मला टोलवणाऱ्याच्या मागे चेंडू अडवायला उभं केलं. ते काम मला बरं जमायचं. आयुष्यात मला जमलेल्या गोष्टी मोजक्या, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

माझे सासरे शाहपूरचे, केळी-कापसाचे शेतकरी आणि अंगावर कायम खादी. जावई गोऱ्याबरोबर खेळतो हे त्यांच्या कानावर गेलंच. "मामा, तो इंग्रज नाही, अमेरिकन आहे," मी म्हणालो. "ज्वारी इकडची काय अन् तिकडची काय, भाकरी सारखीच होते," ते म्हणाले, आणि विषय संपला.

तेव्हा माझी बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी होती. मुलगी झाली. सासऱ्यांनी इच्छापूरच्या देवीला नवस बोलला होता: पोरगी सुखरूप सुटली तर आपल्या हातच्या सुताचा खण चढवीन. तेरा-चौदा दिवसांच्या लेकीला बघून मी परत निघालो, तेव्हा त्यांनी सुताच्या लडी माझ्या हाती दिल्या. "तुमच्या त्या विणकराकडून खण विणून घ्या. देवीला चढला की मायलेकींना मी स्वतः पोचवतो. तोवर नाही. आणि देवीचं सूत आहे जावईबापू, भुईला लागू देऊ नका."

लडी घरी आणून मी खुंटीला टांगल्या. उद्या देऊ, परवा देऊ, करत आठवडा गेला.

अशात रेल्वेतल्या साहेब लोकांशी आमचा सामना ठरला. आदल्या दिवशी विणकराने चेंडू हातात फिरवत विचारलं, "पादरीसाब, हे चामडं कशाचं?"

पाद्री खोटं बोलत नसे, हीच मोठी अडचण. "घोड्याचं असावं. गाईचंही असेल. मला ठाऊक नाही."

आमच्यातल्या अर्ध्या जणांनी हात मागे घेतले. उरलेल्या अर्ध्यांनी डुकराची चौकशी केली. पाद्री वाळूत बसून म्हणाला, माझ्या देशात हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही.

तेव्हा माझ्या अंगात देशभक्ती आली. मी म्हणालो, "आपण सुताचा चेंडू करू. स्वदेशी."

"माझ्या मागावर गिरणीचं सूत आहे, देऊ?" विणकर म्हणाला.

"गिरणीचं नको. हातकताईचंच पाहिजे. मी आणतो."

सगळे माझ्याकडे आदराने बघत होते. असा आदर मिळाला की माझी अक्कल चरायला जाते. घरी जाऊन मी खुंटीवरच्या लडी काढल्या आणि घट्ट गुंडाळून चेंडू केला. वर जुन्या धोतराचं कापड शिवलं. भुईचं आठवलं नाही असं नाही. म्हटलं, चेंडू झेलायला तर मीच आहे, लागू देतो कशाला. आणि तेवढं सूत मागाहून कातून भरून टाकू.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच टोल्याला धोतर फाटलं. चेंडू उसवत, उड्या मारत, मागे धागा सोडत काठाकडे गेला आणि एका बैलगाडीपाशी थांबला. गाडीतून सासरे उतरत होते. खण विणून झाला का, ते बघायला आले होते.

त्यांनी धागा उचलला, चिमटीत फिरवला. आपलं सूत माणूस आपल्या अक्षरासारखं ओळखतो. मला वाटलं, आता बायको-लेक कायमच्या शाहपूरला.

ते तिथेच वाळूत बसले आणि अंगठा-कोपराभोवती लड घालू लागले. पाद्री येऊन शेजारी बसला, गुंता सोडवू लागला. काय झालं ते कळल्यावर विणकरही आला. खाली मान घालून म्हणाला, "मास्तरसाब, मुझसे तो पूछ लेते." हळूहळू दोन्हीकडचे खेळाडू धागा धरून उभे राहिले. एक साहेबही.

"ह्या खेळात जिंकतं कोण?" सासऱ्यांनी पाद्र्याला विचारलं.

"जे जास्त वेळा घरी पोचतात, ते."

"अस्सं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावईबापू, हे सूत आता देवीला चालायचं नाही. तुम्ही काता. तुमच्या सुताचा खण चढला की तुमची माणसं घरी."

मी टकळी धरली. शाळेआधी, शाळेनंतर. माझा धागा कुठे सुतळी, कुठे कोळ्याचं जाळं, आणि हातभर झाला की तुटायचा. पाद्री अधूनमधून येऊन शांतपणे बघत बसायचा. त्याची बदली झाली तरी माझी शेवटची लड व्हायचीच होती. विणकराने मागावर सूत चढवलं तेव्हा त्याने मला तिथून जायला सांगितलं. त्या सुताबद्दल त्याला जे बोलायचं होतं ते माझ्यासमोर बोलवत नव्हतं.

लेक पाच महिन्यांची झाली तेव्हा आम्ही इच्छापूरला गेलो. वाळूतून गोळा केलेल्या सुताची सासऱ्यांनी तिला कुंची करवली होती. धुऊनही ती मळकीच दिसत होती. देवीपुढे मी माझा खण ठेवला. पुजाऱ्याने तो बोटाने चाचपला आणि पोतं कशाला आणलं असं विचारलं. सासरे म्हणाले, "खणच आहे. चढवा."

पायऱ्या उतरताना बायकोने लेकीला माझ्याकडे दिलं. त्या सामन्यापासून बायको माझ्याशी धड बोलली नव्हती.

"धरा," ती म्हणाली. "हिला तरी भुईला लागू देऊ नका."

गाडीत बसल्यावर सासऱ्यांनी बैल बऱ्हाणपूरच्या दिशेने वळवले.