माय सीरियस हाय

माझ्या नवऱ्याला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व आहे, आणि ती गोष्ट म्हणजे मी नव्हे. त्याच्या हातून गेलेल्या पत्रात चूक सापडत नाही, हा तो गर्व. लग्नाला सोळा वर्षं झाली, तेव्हा मीही ते मान्य करून टाकलंय.

सुजीत वानखडे, मूळ राहणार चिखली, सध्या मुक्काम आखातातलं गुदैबिया. चौदा वर्षांपासून तो इथल्या एका मोठ्या बांधकाम ग्रुपमध्ये नोकरीला आहे. ग्रुपच्या प्रेसिडेंटचे जे कायदेशीर सल्लागार आहेत, त्यांच्या ऑफिसचा पत्रव्यवहार तो सांभाळतो. सल्लागार इंग्रज आहेत. ऑफिसात त्यांना सगळे कौन्सेल म्हणतात, म्हणून आमच्या घरातही तेच नाव पडलं. 'कौन्सेलचा मूड बरा होता' एवढं ऐकलं की मी समजते, आज भाजीला नावं ठेवली जाणार नाहीत.

काम म्हणजे काय, तर प्रेसिडेंटच्या नावाने रोज ढीगभर कागद येतात. करार, मुखत्यारपत्रं, जागा रिकामी करण्याच्या नोटिसा, कुणाची तक्रार, कुणाचा अर्ज. प्रेसिडेंट त्यातलं काही वाचत नाहीत. सुजीत वाचतो, आवक नंबर टाकतो, एका ओळीत सारांश लिहितो, उत्तराचा मसुदा लावतो आणि सगळं निळ्या फोल्डरमध्ये घालतो. फोल्डर कौन्सेलच्या केबिनमध्ये आठवड्यातून दोनदा जातं, रविवारी आणि बुधवारी. 'आपल्या पत्राची प्रेसिडेंटनी आस्थेने नोंद घेतली आहे' हे वाक्य माझ्या नवऱ्याचं आहे. आजवर हजारभर लोकांना ते गेलं असेल. ज्यांची आस्था तो अशी वाटत असतो, त्या प्रेसिडेंटना त्याने फक्त लिफ्टसमोरच्या फोटोत पाहिलंय.

पण आपल्या लोकांना हे कोण सांगणार? जयंतीच्या कार्यक्रमात हमखास कुणीतरी मला कोपऱ्यात घेतं. "वहिनी, दादा प्रेसिडेंटच्या वकिलाकडे आहेत ना, जरा बघा की आमचं." आणि सुजीत, ज्याच्या टायपिंगमधून दिवसभर नकार बाहेर पडतात, तो तोंडाने कधीच नाही म्हणत नाही. "बघतो," म्हणतो. ऐकणारा त्याचा अर्थ 'झालं' असा घेतो. यावरून आमची कितीदा तरी भांडणं झालीत.

त्याच्या टेबलाच्या काचेखाली एक यादी आहे, न वापरायच्या शब्दांची. इंडियन माणूस इंग्रजी समजून जे लिहितो आणि इंग्रज माणूस वाचून भुवया उंचावतो, असे शब्द. 'डू द नीडफुल' पहिलं, 'प्रीपोन' दुसरं, 'आउट ऑफ स्टेशन' तिसरं. असे बारा होते. जयंतीची निमंत्रणपत्रिकासुद्धा तो लाल पेनने तपासून देतो. लोक मागून हसतात, पण पत्रिका त्याच्याकडेच आणतात.

तर असा माणूस. आता खंडूचं सांगते.

खंडू तायडे आमच्याच भागातला, सुजीतच्या गावापासून अकरा किलोमीटरवरचा. ग्रुपमध्ये एसीचे डक्ट बसवतो. मार्च महिन्यात जनाबियाला व्हिलांच्या कामावर परांची कोसळली आणि एका मजुराचा पाय मोडला. खंडू तेव्हा खालीच उभा होता. कोर्टात केस झाली, खंडू कंपनीच्या बाजूचा साक्षीदार ठरला. साक्षीदारांची एक यादी निघाली. यादीतल्या कुणालाही कौन्सेलच्या लेखी परवानगीशिवाय रजा मिळणार नाही. ती यादी अर्थात सुजीतनेच टाइप केली होती. खंडूचं नाव तिसरं.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी संध्याकाळी खंडू आमच्याकडे आला. चप्पल काढायच्या आधी दारातच म्हणाला, "दादा, माय सीरियस हाय."

काशीबाई, वय एकाहत्तर. किडन्या गेल्या होत्या. बुलढाण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने भावाला सांगितलं होतं की चार-पाच दिवस धरा, बाहेर कुणी असेल तर बोलावून घ्या.

"मी काई पळून नाई चाललो," खंडू म्हणाला. "साक्ष द्याले वापस येतो. मायले एकडाव पाहू द्या फक्त."

न विचारता गेला असता तर कामावरून पळाला अशी नोंद झाली असती आणि परत येणं खलास. घरी दोन पोरी शिकतायत. त्यामुळे अर्ज करण्यावाचून मार्ग नव्हता.

"बघतो," सुजीत म्हणाला. या वेळी मी भांडले नाही.

जेवणाच्या टेबलावरच त्याने लॅपटॉप उघडला. दहा मिनिटांत अर्ज तयार. मला वाचून दाखवला. अवलंबित ज्येष्ठ कुटुंबीयाच्या वैद्यकीय परिस्थितीच्या अनुषंगाने, असं काहीतरी भारदस्त इंग्रजी होतं. ऐकून माझं डोकंच फिरलं.

"अरे, ही आई आहे की भाडेकराराचं कलम?" मी म्हणाले. "असलं वाचून कुणाला पाझर फुटणार? माणसासारखं लिही ना जरा. लिही, माझी आई सीरियस आहे."

मी रिफा भागातल्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसते. केरळच्या सिस्टर असोत की हैदराबादचे डॉक्टर, आमच्याकडे दिवसातून चारदा कुणी ना कुणी 'पेशंट सीरियस आहे' म्हणतं आणि सगळे उठून धावतात. मला त्या शब्दाहून जोरदार शब्द माहीत नव्हता.

सुजीतने खंडूकडे पाहिलं. खंडू चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता, पीत नव्हता. सुजीतने ती ओळ खोडली आणि मी सांगितलं तसं लिहिलं, 'माय मदर इज सीरियस. आय रिक्वेस्ट लीव्ह.' चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याने माझं ऐकून मसुदा बदलला. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

बुधवारी सकाळी अर्ज फोल्डरमध्ये सगळ्यात वर ठेवून त्याने आत पाठवला. गुरुवारी अकराला फोल्डर बाहेर आलं. बाकी सगळ्या कागदांवर सह्या होत्या. खंडूच्या अर्जावर सही नव्हती. समासात बारीक, सुबक अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सीरियस अबाउट व्हॉट? प्लीज क्लॅरिफाय.'

कशाबद्दल गंभीर? कृपया खुलासा करा.

सुजीत सांगतो, पहिली दोन मिनिटं त्यालाही कळलं नाही. मग कळलं आणि कान गरम झाले. त्याने लगेच दुसरा अर्ज टाइप केला, दवाखान्याचा रिपोर्ट जोडला आणि धावत गेला. कौन्सेल लिफ्टपाशी उभे होते, हातात छोटी बॅग. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीला ते दुबईला जातात. सुजीतने तिथेच सांगितलं, सर, त्याची आई मरणाच्या दारात आहे.

ते थांबले. खरंच वाईट वाटलंसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं म्हणे. "आय अॅम सॉरी टु हिअर दॅट, सुजीत," ते म्हणाले. पण साक्षीदाराच्या बाबतीत तोंडी काही नको, आणि घाईत तर नकोच, उद्या समोरचा वकील त्याचाच मुद्दा करेल. केसच्या फाइलशी ताडून पाहीन, रविवारी पहिल्यांदा हेच बघतो. लिफ्टचं दार बंद झालं.

आणि यात त्यांना दोष द्यायला जागाच नाही. तोंडी काही नसतं, जे लेखी असेल तेवढंच खरं, हे सुजीत स्वतः नव्या पोरांना शिकवतो. तरी त्याने अर्ज ईमेल केला. उत्तर लगेच आलं. मी रविवारी ऑफिसात असेन, असं मशीनचं उत्तर होतं.

घरी येऊन त्याने मला कागद दाखवला. मी तीनदा वाचलं. "म्हणजे काय? सीरियस म्हणजे सीरियस!" माझा आवाज चढला. तेव्हा आमची बारा वर्षांची तेजस्वी मोबाइलमधून मान वर काढून म्हणाली, "ममा, दॅट मीन्स शी डझंट जोक. लाइक, शी इज अ सीरियस पर्सन." आणि हसली. तिला बिचारीला काय माहीत? मी तिच्यावर उगाच ओरडले, नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले.

सुजीत मला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर परवडलं असतं. "माझ्या लक्षात यायला हवं होतं," एवढंच म्हणाला. "मी त्या वेळी कारकून म्हणून लिहीत नव्हतो." काचेखालच्या यादीत त्याने तेरावा शब्द त्याच दुपारी लिहून टाकला होता.

शुक्रवारी खंडू आला. सुजीतने त्याला सांगितलं की रविवारी नक्की. का लांबलं ते सांगायचा त्याला धीर झाला नाही, आणि मलाही. खंडू म्हणाला, "रविवारी तं रविवारी. तुमी आहा ना तिथं, मंग काय." मी त्याच्यासमोर पोह्याची बशी ठेवली. इतक्यात त्याचा फोन वाजला. गावाकडून पुतणीने व्हिडिओ लावला होता. तिने फोन म्हातारीच्या तोंडाजवळ धरला. नाकात नळी, डोळे अर्धे मिटलेले.

"कुठलोक आला रे?" काशीबाईंनी विचारलं. आवाज इतका बारीक की खंडूने फोन कानाला लावला.

"इमानतळावर हाय, माय," खंडू म्हणाला. "निंघालोच."

समोर माझ्या टेबलावर पोह्याची बशी होती, मागे आमचा फ्रिज होता. म्हातारीला दिसलं असेल की नाही, कोण जाणे. सुजीत टेबलक्लॉथवरच्या फुलांकडे बघत बसला. प्रेसिडेंटच्या वकिलाचा माणूस, चौदा वर्षांची नोकरी, आणि हातात काय, तर इथले लोक म्हणतात तसं मफी, काही नाही. मला त्याचा राग आला, त्या इंग्रजाचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. पोहे तसेच राहिले.

शनिवारी दुपारी चार वाजता काशीबाई गेल्या.

रविवारी कौन्सेल शब्दाला जागले. सव्वानऊला अर्ज सही होऊन बाहेर आला. सोबत परवानगीचं पत्र होतं, सुजीतच्याच मसुद्यावर, नेहमीच्या साच्यातलं. आईच्या गंभीर आजारपणासाठी दहा दिवसांची रजा मंजूर. प्रेसिडेंटनी आपल्या अर्जाची आस्थेने नोंद घेतली आहे. आपल्या मातोश्रींना लवकर आराम पडो, ही त्यांची सदिच्छा.

सुजीतने एचआरला आडून आडून विचारलं, समजा रजेचं कारण बदललं तर? तिथला अन्सार म्हणाला, कारण बदललं तर अर्ज नवा, नंबर नवा, बुधवारच्या फोल्डरमध्ये. सुजीत जागेवर परत आला. ज्याने आयुष्यात एक खोटा स्वल्पविराम सोडला नाही, त्याने ते पत्र तसंच जावक केलं. कागदोपत्री काशीबाई अजून आजारी होत्या, आणि तशाच राहिल्या तरच खंडूला जाता येणार होतं.

संध्याकाळी सहाला खंडू पत्र घ्यायला आला. सोबत एक बॅग. डोळे सुजलेले, पण दाढी केलेली. सकाळीच गावाकडे दहन उरकलं होतं, भावाने अग्नी दिला. गुरुवारी जलदान विधी होता, तेवढा त्याला गाठता येणार होता.

त्याने वाकून सुजीतच्या पायाला हात लावला. सुजीत दचकून मागे झाला.

"तुमच्यामुळं झालं, दादा. नाई तं कोन इचारते आमाले." त्याने पत्र उलटसुलट करून पाहिलं. "काय लिव्हलं हाय याच्यात?"

सुजीतने पत्र हातात घेतलं. लवकर आराम पडो, त्या ओळीवर त्याची नजर अडकलेली मला दिसली. "जा म्हणून लिहिलंय," तो म्हणाला. "दहा दिवस."

"एवढं मोठं लिव्हलं हाय."

"तेवढंच आहे त्यात."

खंडूने पत्र नीट घडी करून पासपोर्टमध्ये ठेवलं. मला वाटलं, सुटलो. पण सुजीतला राहवलं नाही.

"खंडू, हे गुरुवारीच झालं असतं," तो म्हणाला. "तू शुक्रवारी घरी असतास. अर्जात माझा एक शब्द चुकला, म्हणून परत आला."

"त्याचा नाही, माझा," मी म्हणाले. "मी घालायला लावला तो."

खंडू आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला. "कोनता शब्द?"

"सीरियस," सुजीत म्हणाला. "इंग्रजीत त्याचा अर्थ वेगळा होतो. त्यांना कळलं नाही."

मला वाटलं तो चिडेल. त्याने चिडावं असंच मला मनातून वाटत होतं. खाली टॅक्सीवाला नावेद हॉर्न वाजवत होता. खंडूने बॅग उचलली, दारात चप्पल पायात घातली आणि तिथेच थांबला. काहीतरी हिशेब लागत नसल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"पन वयनी," तो म्हणाला, "माय तं सीरियसच होती ना?"