कुणाकडं आलाव?

सकाळी समोरच्या घरातून खळीचा वास आला. तांदळाच्या पेजेचा, जरासा आंबूस, कोमट वास. समोरच्या अक्का अजूनही सुती पातळाला घरचीच खळ घालतात. तो वास छातीभर घ्यावा म्हणून खिडकी उघडली, तर खिडकीला चिकटूनच एक पांढरी मोटार उभी, आणि आतल्या मोबाईलमधून एक गोड बाई सांगत होती, "पुढे उजवीकडे वळा." पुढचं ते वळण असं आहे की रिक्षावालासुद्धा देवाचं नाव घेऊन वळतो. आज तिथं दुधाचा टेम्पो अडकलेला. खळीचा वास धुरात बुडाला आणि माझं डोकंच फिरलं.

माझ्या लहानपणी हाच बोळ अर्धा अर्धा दिवस बंद असायचा आणि कुणाची काही तक्रार नसे. अक्कांचे यजमान हातमागावरचे विणकर. विणण्याआधी सुताला खळ पाजायची, त्याला पाजणी म्हणतात. ती घरात मावत नाही, तिला गल्लीच लागते. उन्हं चढायच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूच्या टेकूंवर सुताचा लांबलचक ताणा पसरला जाई. दोन्ही अंगांनी माणसं कुंचे घेऊन त्या ओल्या सुतावरून संथपणे हात फिरवत चालत. मध्येच धागा तुटला की सगळे थांबत, तो जोडला जाई, पुन्हा चालू. आपसांतलं बोलणं तेलुगूत, आम्हा पोरांवर ओरडणं मात्र मराठीत! अक्का तेव्हा नवी नवरी. बोळाच्या तोंडाशी बसून आल्यागेल्याला विचारायचं काम त्यांचं, "कुणाकडं आलाव?" नाव सांगितलं की त्या मागच्या दारानं वाट दाखवत, सामान असलं तर स्वतः पोचवत, आणि उन्हातून आलेल्याला आधी पाणी देत. आमच्या बोळातून कुणी जात नसे. बोळात माणसं येत.

ताणे गेले, यजमानही गेले. अक्कांचा उंबरा तेवढा राहिला, आणि तो प्रश्न. मग मोठा रस्ता खणून ठेवला गेला आणि मोबाईलला आमच्या बोळाचा शोध लागला. गाड्यांमागून गाड्या. अक्कांना वाटलं, एवढी सगळी माणसं कुणाकडं तरी आलीत. गुडघ्यावर हात टेकून त्या उठायच्या आणि काचेवर टकटक करायच्या. बहुतेक जण काच खाली करत नसत. चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला निघालेल्या एकानं मात्र केली.

"कुणाकडं न्हाय आजी. मोबाईल म्हणला हिकडनं जा."

"हितं मोबाईलच्या वळखीचं कोण हाय?" अक्कांनी अगदी मनापासून विचारलं. तो बिचारा हसला आणि गेला.

गेल्या महिन्यात असंच विचारायला उठल्या आणि एका गाडीचा आरसा कोपराला लागला. हाड वाचलं, हात मात्र सुजला. गाडीवाल्याचा चेहरा एवढासा झाला होता. तोच त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. रागवायचं तरी कुणावर? मुलानं सांगून टाकलं, "अम्मा, आता दारात बसायचं न्हाय." त्याचंही खोटं नाही. पण अक्का उठून आत गेल्या, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून समोरचं दार लोटलेलंच असतं. बोळ गजबजलेला, आणि मला तो उजाड वाटतो.

तर आज मी तरातरा बाहेर आले, त्या पांढऱ्या गाडीवाल्याला चार शब्द सुनवायचे म्हणून. स्टिअरिंगवर एक तरुण, घामाघूम. मागं त्याची म्हातारी आई, डोळे मिटून. माझ्या तोंडून भलतंच निघालं, "कुणाकडं आलाव?"

"कुणाकडं न्हाय ओ मावशी. दुधनीला चाललोय. ह्यानं हितं आणून घातलं बघा."

लोटलेल्या दाराआडून आवाज आला, "कोण आलंय गं?"

"कुणी नाही अक्का. वाट चुकलेत."

"मग पाणी तरी विचार की."

मोबाईलमधली बाई पुन्हा उजवीकडं वळायला सांगू लागली. त्यानं तिला गप्प केलं, इंजिन बंद केलं आणि आईसाठी मागचं दार उघडलं. मी तांब्या आणायला वळले, तर समोरचं दारही किलकिलं झालेलं. खळीचा वास परत आला. आमच्या बोळात कितीतरी दिवसांनी कुणीतरी आलं होतं.