मुकटीच्या रस्त्यावरची अक्का

कुसुंब्याच्या कमलबाई लग्नानंतर वीस-बावीस वर्षं एकटीनं एसटीत बसल्या नव्हत्या. माहेरी सोनगीरला जायचं तरी नवरा बन्सीलाल सोबत असायचा. अशा बाईनं शहाऐंशी सालच्या थंडीत पिशवीत तवा, पिठाचा डबा आणि ठेच्याची वाटी घेऊन गावोगाव हिंडावं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर त्या स्वतःच हसल्या असत्या.

कारण होता धाकटा भाऊ रुपचंद. तो साक्रीच्या शाळेत मास्तर. आदल्या पावसाळ्यात या दोघांची आई धुळ्याच्या दवाखान्यात होती. बहीण-भाऊ आळीपाळीनं तिच्यापाशी थांबायचे. बाहेर निंबाखाली तीन दगड मांडून पेज शिजवायची, आणि सर आली की पातेलं पदराखाली झाकून भिंतीला चिकटून उभं राहायचं. शेजारी साक्रीकडच्या, शिरपूरकडच्या बायाही तशाच भिजत असत. आई काही परत घरी आली नाही. तेराव्याचे पाहुणे पांगले तेव्हा रुपचंद म्हणाला, "अक्का, तठे एक निवारा बांधना शे. चूल पेटी, पाठ टेकाले भेटी, इतलाच."

दवाखान्याबाहेर चूल पेटेल आणि पाठ टेकता येईल एवढ्या त्या निवाऱ्यासाठी तो रजा काढून साक्रीहून रावेरपर्यंत पायी निघणार होता. पैसा हातात घ्यायचा नाही. ज्याला विटा, पत्रे, लाकूड, जे द्यावंसं वाटेल ते त्यानं धुळ्याला पोचवावं, एवढंच गावोगाव सांगायचं.

"आनि तू खाशी काय?" कमलबाईंनी विचारलं.

"भेटी ते."

हे उत्तर काही त्यांना रुचलं नाही. लहानपणापासून त्याचं पोट नाजूक. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. कापूस वेचणीचे दिवस होते, घरात कामाचा डोंगर. बन्सीलाल विडी विझवत म्हणाला, "तू जाय. घरनं बठ्ठं मी दखसु."

घरचं सगळं बन्सीलालनं बघायचं, असं ठरलं. रुपचंद भल्या पहाटे चालायला लागायचा, आणि कमलबाई मागून एसटी पकडून मुक्कामाच्या गावी आधीच पोचायच्या. पहिल्या दिवशी स्टँडवर उतरल्यावर कुणाच्या दारी जावं ते त्यांना कळेना. पण कुठे नणंदेची जाऊ, कुठे मावशीची भाची, खानदेशात नातं शोधलं की सापडतंच. ज्या घरी ओसरी मिळेल तिथे त्या चूल मागून दादर ज्वारीच्या भाकरी टाकायच्या, मीठ घालून पाणी तापत ठेवायच्या. भाऊ आला की त्याचे पाय परातीत बुडवून मगच त्याला ताटावर बसवायचं.

धुळं मागं पडलं. मुकटीचा मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी कमलबाई पारोळ्याला उतरल्या, स्वयंपाक करून वाट बघत बसल्या. रुपचंद ऊन चढायच्या आत यायचा, पण त्या दिवशी दुपार कलली तरी पत्ता नाही. भाकरी फडक्यात वातड झाल्या. घरातली म्हातारी धीर देत म्हणाली, "ई जाई वं, बस." पण कमलबाईंना बसवेना. त्यांनी भाकरी बांधल्या, तांब्या घेतला आणि आलेल्याच रस्त्यानं उलट्या चालू लागल्या.

ट्रक अंगावर धूळ उडवत जात होते. बऱ्याच अंतरावर एका बाभळीखाली रुपचंद बसलेला दिसला. एक चप्पल काढून ठेवलेली, पाऊल सुजून फुगलेलं. शेजारी कापसाची बैलगाडी थांबलेली, आणि गाडीवान लोटन त्याची विनवणी करत होता, "मास्तर, बसा ना गाडीमा. कोण दखी राह्यनं?"

बहिणीला बघून रुपचंदचे डोळेच भरून आले. "अक्का, तू आठे कसी?"

"तुले दखाले उनू." त्यांनी पाऊल मांडीवर घेतलं. काट्याचं टोक आत मोडलेलं होतं. मंगळसूत्रात अडकवलेल्या पिनेनं त्यांनी ते काढलं, पदराची किनार फाडून पट्टी बांधली. मग म्हणाल्या, "गाडीमा बस."

"नही बसाव, अक्का. पायीच जासु."

"मंग मीबी पायीच."

लोटननं कपाळाला हात लावला, पण तोही गेला नाही. गाडी हळूहळू हाकत त्यांच्या मागून येत राहिला.

रुपचंदचा हात अक्काच्या खांद्यावर. दोघं असे एकत्र कधी चालले होते? लहानपणी, आखाजीच्या सणाला मामाच्या गावी जाताना. तेव्हा रुपचंद रडायला लागला की कमल म्हणायची, त्या निंबापर्यंत चल, मग बसू. निंब आला की पुढचं झाड दाखवायची. आता रुपचंदच म्हणाला, "त्या निंबपावत चाल, अक्का." आणि दोघं रस्त्यात थांबून हसले. पुढे बोलता बोलता मामीच्या हातचे मांडे निघाले, गुरं चारताना हरवलेली काळी वासरी निघाली, आणि पारोळ्याचे दिवे दिसायला लागले तसं आईचं बोलणं निघालं. ती गेल्यापासून दोघं तिच्याबद्दल मोकळेपणी बोललेच नव्हते. कमलबाई चालता चालता मनसोक्त रडल्या.

दोन दिवस पायाची सूज उतरण्यात गेले. त्यानंतर त्यांनी एसटी पकडलीच नाही. एरंडोल, पाळधी, जळगाव, भुसावळ, तवा डोक्यावर घेऊन त्या भावाबरोबर पायी गेल्या. लोकही आता आधी त्यांनाच हाक मारत. सावद्याला केळीच्या बागेत सुनंदाबाई नावाच्या बाईनं त्यांना घरात ओढलं. "ये वं बाई, बस. चालून चालून थकली असशीन." वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या वाढल्या. तिचे यजमान तोताराम यांनी केळीच्या ट्रकमधून सागाची लाकडं धुळ्याला पाठवली. पुढच्या मुक्कामाला रावेर आलं.

उन्हाळ्यात दवाखान्यापाशी निवारा उभा राहिला. विटा तीन गावच्या, पत्रे पारोळ्याचे, म्हणून भिंती-छपराचे रंग काही जुळले नाहीत. पण चुली पेटल्या.

पुढे रुपचंदची बदली शिरपूरला झाली, भेटी दिवाळी-आखाजीपुरत्या उरल्या. कमलबाईंच्या सुना कधी त्या निवाऱ्याचं विचारत. त्या म्हणत, हो, बांधला. आणि मग सांगायला लागत मुकटीच्या रस्त्याचं: ऊन कसं कलतं होतं, लोटनच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज कसा मागून येत होता, आणि रुपचंदनं काळ्या वासरीचं नाव कसं अजून लक्षात ठेवलं होतं.