गव्हातल्या मोकळ्या ओळी

विद्यापीठांची वाटणी आणि जोडणी झाली, त्या वर्षी आमचा पर्यावरणाचा छोटासा विभाग उचलून कृषी महाविद्यालयात नेला. पाटीवर 'कृषी'च्या पुढे 'आणि पर्यावरण विज्ञान' एवढं वाढलं. आम्ही चौघं सूक्ष्मदर्शकं, खुर्च्या आणि एक जुनं कपाट घेऊन एका सकाळी तिथे पोचलो. बियाणं ठेवायची एक खोली त्यांनी आमच्यासाठी रिकामी केली होती. वाईट कोणीच वागलं नाही. पण चहाच्या वेळी कोणीतरी विचारायचंच, "मैडम, आप लोग असल में करते क्या हैं?" मी लांबलचक काहीतरी सांगायचे आणि माझं मलाच ते पोकळ वाटायचं.

पीकशास्त्राच्या ज्येष्ठ प्राध्यापकांचा आमच्या येण्याला विरोध होता. मुरैनाकडचे, उंच, सडसडीत, हळू बोलणारे गृहस्थ. पर्यावरण हा चांगला विषय आहे, पण त्याला शेतीच्या कॉलेजात काय काम, असं त्यांनी भर सभेत, आमच्यासमोर विचारलं होतं. त्यामुळे रब्बीच्या बैठकीत कॉलेजच्या अधिष्ठात्यांनी फाटकाजवळच्या शेताचं काय करायचं असं विचारलं, तेव्हा मी हात वर केला. बाजरीची धसकटं न जाळता मातीत मिसळायची आणि त्यावर गहू घ्यायचा, अशी चाचणी मी सुचवली. अधिष्ठाता म्हणाले, ठीक आहे. प्राध्यापकांनी एवढंच विचारलं, "बुवाई कौन कराएगा?"

"मैं खुद करूँगी," मी म्हणाले.

हे कोणी मागितलं नव्हतं. माझ्या माहेरी पूजा सांगणारे आणि सासरी शिंद्यांच्या दरबारात लिहिणारे. दोन्ही घरांत कुणी कधी पेरणी पाहिलीसुद्धा नव्हती. मी पुस्तकात वाचलं होतं, तेवढंच.

पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टरमागच्या यंत्राच्या फळीवर मी उभी राहिले. समोर बियाण्याची पेटी, खाली ओळीने नळ्या. मागे उभं राहणाऱ्याचं काम एकच, प्रत्येक नळीतून बी पडतंय ना हे बघायचं. मी पेटीकडे बघत होते. गहू कुठे कमी झाला, कुठे जास्त राहिला की हाताने सारखा करत होते. फार मन लावून करत होते. पहिल्याच वळणावर यंत्र ओल्या मातीत टेकलं, ट्रॅक्टर जरासा मागे सरकला आणि मधल्या दोन नळ्यांच्या तोंडात चिखल बसला. त्यानंतर त्या दोन्हींतून एक दाणा पडला नाही. पेटीत त्यांच्यावरचा गहू तसाच उरत होता, पण मी तो हाताने पसरत होते, म्हणून मला कळलं नाही. खाली वाकून मी एकदाही पाहिलं नाही.

चूक उगवायला आठवडा लागला. एका सकाळी फाटकातून आत आले तर हिरव्या रेघा दिसू लागल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी स्कूटर तिथेच उभी करून बांधावर गेले. मग त्या रेघांमधल्या मोकळ्या जागा दिसल्या. काही ओळी हिरव्या, मग दोन कोऱ्या, पुन्हा हिरव्या, पुन्हा दोन कोऱ्या. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

अधिष्ठाता आले, प्राध्यापक आले. "पीछे कौन था?" अधिष्ठात्यांनी विचारलं. ट्रॅक्टर चालवणारा खाली बघत राहिला.

"मी... मैं थी, सर."

मी नांगे भरू का विचारलं, म्हणजे मोकळ्या जागी पुन्हा बी टोकू का. अधिष्ठाता म्हणाले, आता टोकलं तर ते पीक मागे राहील, चाचणी तर गेलीच. उपटून टाकायचीही गरज नाही. "रहने दीजिए. बच्चों को दिखाने के काम आएगा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्या शेतावरूनच कॉलेजचा रस्ता होता. चुकलेला कागद फाडता येतो. हे पीक रोज वाढत होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना बांधावर उभं करून कोणी शिक्षक सांगायचे, "देखो, ट्यूब चोक हो जाए तो क्या होता है." नाव कोणी घेत नसे. त्याची गरज नव्हती. मी थाटीपुरच्या बाजूने लांबचा रस्ता धरून मागच्या फाटकाने येऊ लागले. आमच्या विभागाचे तिघं मला काही बोलले नाहीत, पण चहाला तेही जाईनासे झाले. माझ्यामुळे त्यांनाही तोंड लपवावं लागतंय हे मला जास्त लागलं.

घरी, शिंदे की छावनी या जुन्या मराठी वस्तीत, सासूबाई विचारायच्या, "कसं आहे गं तुझं शेत?"

"छान आहे," मी म्हणायचे. खोटं नव्हतं, जिथे उगवलं होतं तिथे छान होतं.

संक्रांतीच्या आधी त्यांनी त्यांच्या महिला मंडळात ठरवून टाकलं की यंदाचं हळदीकुंकू सूनबाईच्या शेतावर करायचं. मला कळलं तेव्हा मिनीबस ठरली होती. "अगं, सगळ्यांना बोलून दिलं मी," त्या म्हणाल्या. "आपल्या घराण्यात पहिल्यांदा कोणी शेत पेरलंय." मी म्हणाले, आई, तिथे परवानगी लागते. त्या म्हणाल्या, ती तुझ्या सासऱ्यांनी फोन करून घेतली. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मला जमलं नाही.

रविवार होता. बायका काठापदराच्या साड्या नेसून, तिळगुळाचे डबे घेऊन उतरल्या. गहू गुडघ्याएवढा झाला होता आणि त्या ओळी भांगासारख्या लख्ख दिसत होत्या. एक मावशी म्हणाल्या, "मधे चालायला वाट ठेवलीय का गं?"

"हो मग," सासूबाई म्हणाल्या. "पाणी सोडायला लागतं नं."

तेवढ्यात प्राध्यापक आले. ते रविवारीही शेतावर असत. सासूबाईंनी त्यांना नमस्कार केला आणि आपल्या हिंदीत विचारलं, "भाईसाहब, ये बीच में खाली पानी के वास्ते ही रखते हैं न?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग शेताकडे. "जी, माताजी," ते म्हणाले, "रखना पड़ता है."

इतक्या महिन्यांत एकदाही त्यांना शेताबद्दल खोटं बोलताना मी ऐकलं नव्हतं. माझ्यासाठी, ज्यांना आम्ही तिथे नको होतो त्या माणसाला ते बोलावं लागलं. मी म्हणाले, "नाही, आई. ती वाट नाही. चूक आहे. तिथे बी पडलंच नाही. मी मागे उभी होते, मला कळलं नाही."

मग एका बाईंनी डबा उघडला, हळदीकुंकू लावायला सुरुवात केली आणि सगळ्या एकदम दुसरंच बोलू लागल्या, कोणाची मुलगी इंदूरला दिली, कोणाच्या घरी काय. प्राध्यापकांच्या हातावर कोणीतरी तिळगुळ ठेवला. ते "धन्यवाद" म्हणून निघून गेले.

परतताना सासूबाई मिनीबसमध्ये माझ्या शेजारी बसल्या नाहीत. घरी आल्यावर साडीची घडी घालता घालता म्हणाल्या, "चूक झाली ते झालं. पण मला आधी सांगायचं होतंस. मी तिथे उभी राहून सगळ्यांना पाणी सोडायचं शिकवत होते."

पुढचे दोन गुरुवार त्या मंडळाच्या भजनाला गेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. तिसऱ्या गुरुवारी गेल्या, आणि हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

गहू चैत्रात निघाला आणि फार्मच्या इतर गव्हात मिसळला गेला. अहवालात त्या शेताचा उल्लेख आला नाही. पुढच्या रब्बीला मी पुन्हा तेच शेत मागितलं. तिथे तीच चाचणी घेतल्याशिवाय मला त्या फाटकातून आत येणं जमणार नव्हतं. बैठकीत प्राध्यापकच म्हणाले, "दे दीजिए."

पेरणीच्या दिवशी ते न बोलवता आले. मी फळीवर, ते यंत्रामागून चालत. दर वळणानंतर मी ट्रॅक्टर थांबवून खाली उतरायचे आणि बोटांनी माती उकरून प्रत्येक ओळीत दाणा बघायचे. ते बाजूला उभे राहून वाट बघत. सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. शेवटच्या ओळीनंतर मी त्यांना म्हणाले, "सर, उस दिन आपको मेरी वजह से..."

"बीज का बैग खाली हो गया हो तो झटकवा लीजिए," ते म्हणाले, "वरना चूहे आते हैं," आणि आपल्या मोहरीच्या शेताकडे चालू लागले.

ते शेत एकसारखं उगवलं. रस्त्यावरून जाणारं कोणी थांबलं नाही. मी पुढच्या फाटकाने येऊ लागले, पण सासूबाईंना तिकडे या म्हणायचा धीर मला झाला नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.