पॅड धरणारे हात

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्यानं हसून रामराम घातला तरी मी आधी पातेल्यात डोकावणार. नव्वदच्या दशकात मी नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर होतो. पहिली पाळी सुटली की सायकल हाणत नगरात कराटेच्या क्लासला जायचो. एका शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये तो भरायचा. माझा तिथला जोडीदार माझ्याच कारखान्यातला, पुणतांब्याच्या शेतकऱ्याचा मुलगा.

लाथेचा सराव जोडीनं चाले. एकानं पॅड धरायचं, दुसऱ्यानं मारायचं. पॅड सरांनी कुशनवाल्याकडून शिवून घेतलेलं, आत टेम्पोच्या सीटचा फोम, वर रेक्झिन. मधोमध खडूचा ठिपका काढायचा. नेम बरोबर बसला तर खडू पावलाच्या वरच्या बाजूला उमटे, आणि जोर असला तर फाटकन आवाज निघे. जोडीदाराच्या लाथेला हॉलचा पत्रा वाजायचा. माझी लाथ मात्र उशी पडल्यासारखी धप्प, आणि खडू कधी बोटांवर, कधी नडगीवर.

सर ओरडायचे, “खालचा पाय फिरव, टाच वळव!” ते सगळ्यांवरच ओरडतात, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. माझा संशय दुसरीकडेच होता. लाथ पोचता पोचता पॅड चार बोटं मागं घेतलं तर मारणाऱ्याचा जोर वाया जातो. जिल्ह्याच्या संघात आमच्या वजनाची एकच जागा होती आणि ती आम्हा दोघांतल्याच एकाला मिळणार होती. मग तो पॅड स्थिर कशाला धरेल? मी ठिपका सोडून त्याच्या मनगटांकडे बघायला लागलो, आणि नेम आणखीच चुकायला लागला. त्याचाही दोष मी त्यालाच दिला.

एकदा तोंडावर विचारलं, “पॅड मागं घेतोस का रं?”

“मी कशाला घिऊ गड्या?” म्हणत तो हसला. त्या हसण्यानं माझी खात्रीच पटली.

निवडीच्या रविवारी दोघांनी एकमेकांच्या पॅडवर दहा-दहा लाथा मारायच्या होत्या. पहिली पाळी त्याची. तीन लाथांना पत्रा खणाणला. चौथीला मी पॅड हातभर मागं ओढलं. सूड म्हणून म्हणा, भीतीनं म्हणा, पण जाणूनबुजून ओढलं. त्याचा पाय हवेतून गेला, खालचा गुडघा पिरगळला आणि तो फरशीवर आपटला.

“घामावरून घसरला,” सर म्हणाले. मी मान डोलावली.

जागा मला मिळाली. आठवड्याभरानं तो गुडघ्याला पट्टी बांधून, लंगडत क्लासला आला. स्टूल ओढून बसला आणि पॅड छातीशी धरलं.

“स्पर्धा जवळ आली. मार.”

मी मारलं. मनगटांवर माझी नजर रोखलेली होती. ती तसूभर हलली नाहीत. आवाज आला तोच, धप्प.

“बग, हाललं का?” तो म्हणाला. “आरं, सर म्हनत्यात तशी टाच फिरव की. लई दिवस बगतोय मी, तू फिरवतच न्हाईस.”

मी दात आवळून टाच वळवली आणि पहिल्यांदाच ठिपक्याकडे बघून मारलं. पत्रा वाजला. त्याला स्टुलावरून पटकन उठता येत नव्हतं, तरी तो पॅड मांडीवर टाकून, टाळी वाजवून खदखदून हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निवडीच्या दिवशीचं ते त्याला ठाऊक होतं का? ‘बग, हाललं का’ हे तो साधेपणानं म्हणाला, की मला ऐकवायला? इतकी वर्षं मी हेच घोळवतोय. विचारायचं म्हटलं तर आधी मीच पॅड ओढलं हे कबूल करायला हवं होतं, आणि ते मी कधीच केलं नाही. माझ्या पावलावर खडू बरोबर मधोमध उमटला होता, तो मी त्याच्यासमोरच पुसून टाकला.