आर्गॉनमधला निळा रंग

नसरीनआपांवर अन्याय झाला तो तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, यवतमाळच्या आमच्या कॉलेजच्या सभागृहात, सगळ्यांदेखत. दीड महिन्यापूर्वी त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी राळेगावच्या एसटीत होते, आणि आधी आठवलं ते हेच. रडू नंतर आलं.

आपा पुसदच्या मेकॅनिकची मुलगी, आम्हाला रसायनशास्त्र शिकवायच्या. कापसाचा भाव पडलेला, युरियासाठी दुकानापुढे रांगा, अशा वर्षांत त्यांनी एकच ध्यास घेतला होता... हवेतला नायट्रोजन, पाणी आणि उन्हाची वीज यांतून अमोनिया करायचा, म्हणजे खताचा कच्चा माल, तोही धुराविना. नायट्रोजनची गाठ नुसत्या विजेनं सुटत नाही, उत्प्रेरक लागतो. तो आपा पऱ्हाटीच्या, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या झाडांच्या, कोळशावर लोखंडाचे, डोळ्यांना न दिसणारे कण बसवून करायच्या. आपण वावरात जाळतो तीच पऱ्हाटी.

एक दिवस चाचणीच्या नळीत निळा रंग आला. अमोनियाची खूण. मी त्यांच्या हाताखाली प्रयोगात होते, लगेच वर्तमानपत्रांसाठी पत्रक लिहिलं. आपांनी वाचलं. "हे 'क्रांती' कायले लिहिलं वं? आधी ब्लँक तर होऊ दे." कॉलेजच्या संचालकांनी मात्र तेच छापलं, पाहुणे बोलावले.

ब्लँक म्हणजे नायट्रोजनच्या जागी आर्गॉन सोडून तीच चाचणी. आर्गॉनपासून अमोनिया होऊच शकत नाही. तरी समारंभाच्या सकाळी ब्लँकमध्येही नळी निळी झाली. आपांनी खोलीभर नजर फिरवली आणि उपकरणावरचं आच्छादन ओढून काढलं. युरियाच्या धुतलेल्या पोत्यांचं, त्यांनीच शिवलेलं. आपल्याकडे घरोघरी पिशव्या शिवतात तसं. ते बाहेर ठेवून, सगळं धुऊन पुन्हा आर्गॉन सोडला. रंग नाही. "घ्या, पोत्यातलं खत मोजून राह्यलो होतो," म्हणून त्या हसल्या. आता आच्छादनाविना नायट्रोजनची चाचणी तेवढी उरली होती.

संचालक दारात आले. "मॅडम, पाहुणे बसलेत. थोडंफार चालते."

"साहेब, ते थोडंफारच तर मोजून राह्यलो आपण."

मंचावर जाऊन त्यांनी सांगून टाकलं, हा अमोनिया हवेतला की पोत्यातला, मला अजून ठाऊक नाही. संचालकांनी माइक काढून घेतला. दुपारी प्रयोगशाळेला कुलूप. खोटं बोलल्या असत्या तर शाल मिळाली असती.

पुढे त्या आजारी पडल्या, दवाखान्यात भेटले तेव्हाही त्यांनी आधी हेच विचारलं, "चाबी भेटली काय वं?" मी 'नाही' म्हटलं. "माह्या उत्प्रेरकात दम नसंल तर नसंल... पण मले माहीत तर पडू द्या."

त्यांना माहीत पडलं नाही. ते आच्छादन आता माझ्या खोलीत खुंटीला आहे, त्यांचा सरळ टाका अजून घट्ट आहे. उत्प्रेरकाची बाटली मात्र त्या कुलपामागेच.

वाचणाऱ्यांनो, हळहळू नका. पोरीबाळींचं नाव टाकायला आमच्या कॉलेजात जाल, तेव्हा आधी विचारा, ती खोली बंद काहून आहे? कुलूप निघून उरलेली चाचणी होईपर्यंत अर्जावर सही करू नका.